पंचवीस टक्के जागा आणि एक किलोमीटरचे अंतर

१ एप्रिल २०१० पासून अमलात आलेल्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १२ नुसार, अल्पसंख्याक संस्था वगळता, खासगी विनाअनुदानित शाळांनी प्रवेशाच्या पहिल्या वर्गातील किमान २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील बालकांना मोफत द्यावयाच्या असतात व त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती शासनाने करावयाची असते. महाराष्ट्रात हे प्रवेश ऑनलाइन सोडतीने होतात आणि शाळेपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्यांना प्राधान्य मिळते. वरवर निःपक्ष वाटणारा हा निकष सांगली जिल्ह्यातील वाळवा तालुक्यासारख्या भागात मात्र सर्वांना सारखा लागू पडत नाही, कारण इंग्रजी माध्यमाच्या शाळा इस्लामपूरसारख्या गावी एकवटतात आणि आसपासच्या वाड्यावस्त्यांवरील शेतमजुरांची मुले अंतराच्या मोजणीतच मागे पडतात. शिवाय दुर्बल घटकासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा एक लाख रुपये असताना अनुसूचित जाती-जमातींसह वंचित घटकाला उत्पन्नाची अट नाही. जातीमुळे होणारी वंचना पैशाने पुसली जात नाही, म्हणून हे तत्त्वतः योग्यच असले, तरी त्या घटकातील सर्वांत गरीब मुलाला स्वतंत्र संरक्षण उरत नाही.

वर्गात कोणी कोणाशेजारी बसावे, हा प्रश्न या परिसराला नवा नाही. इस्लामपुरात अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील ज्ञानदेव घोलप हा विद्यार्थी वर्गाबाहेर बसून शिकत असल्याचे पाहून कर्मवीर भाऊराव पाटलांनी त्याला कोल्हापूरच्या मिस क्लार्क वसतिगृहात नेले, असे कर्मवीरांच्या चरित्रांत सांगितले जाते; हेच घोलप पुढे मुंबई कायदे कौन्सिलचे सदस्य झाले. सर्व जातींची मुले एकत्र राहून शिकतील अशी वसतिगृहे हा भाऊरावांनी १९१९ मध्ये काले येथे स्थापन केलेल्या रयत शिक्षण संस्थेचा पाया होता.

या पार्श्वभूमीवर ९ फेब्रुवारी २०२४ ची राज्य शासनाची अधिसूचना गंभीर ठरते. एक किलोमीटरच्या आत शासकीय किंवा अनुदानित शाळा, म्हणजे शिक्षकांचे वेतन शासन देते अशी शाळा, असल्यास खासगी विनाअनुदानित शाळेला २५ टक्क्यांच्या बंधनातून तिने मोकळे केले. नगरपालिकेच्या किंवा अनुदानित शाळेपासून दूर असलेली खासगी शाळा शहरांत क्वचितच सापडत असल्याने, गरिबांनी गरिबांच्या शाळेत जावे, असाच या सवलतीचा व्यवहारातील अर्थ होता. मुंबई उच्च न्यायालयाने ६ मे रोजी तिला स्थगिती दिली, १९ जुलै २०२४ रोजी ती रद्द केली आणि सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला.

प्रतिपूर्ती वेळेवर मिळत नाही, ही शाळाचालकांची तक्रार खरी आहे आणि शासनाने ती थकबाकी देऊनच सोडवली पाहिजे. तिचा भार मुलांच्या प्रवेशावर टाकण्याला आधार नाही. पालकांसमोरची अडचण यापेक्षा लांबवरची आहे. बसभाड्याचा खर्च बहुधा त्यांनाच सोसावा लागतो आणि कायद्याचे संरक्षण आठवीपर्यंतच असल्याने नववीत पूर्ण शुल्क भरणे किंवा आठ वर्षांची सोबत सोडून अनुदानित हायस्कूलमध्ये जाणे, एवढेच दोन मार्ग मजुरीवर चालणाऱ्या कुटुंबापुढे राहतात.