किहीमच्या दमट हवेत एस्प्रेसो

नवा ब्लेंड आणलाय: चिकमगळूरची अरेबिका, थोडी रोबस्टा आणि मान्सून्ड मलबार. या शेवटच्या नावात खरंच पाऊस आहे. शिडाच्या जहाजांतून महिनोन्‌महिने युरोपला जाताना बिया दमट हवेने फुगत, पिवळट पडत, आंबटपणा उतरे. १८६९ला सुएझ कालवा झाला, आगबोटी आल्या, प्रवास लवकर आटोपू लागला आणि ती चवही गेली. म्हणून आता मलबार किनाऱ्यावरच्या गोदामांत कच्च्या बिया मुद्दाम पावसाळी वाऱ्यावर पसरतात.

आमच्या किहीमला मात्र हाच वारा पापड मऊ करतो! त्यामुळे भाजलेल्या बिया हवाबंद डब्यात ठेवा आणि आयत्या वेळी दळा.

१८ ग्रॅम पूड, कपात ३६ ग्रॅम कॉफी, साधारण २५-३० सेकंद. भसाभस येऊन आंबट लागली तर दळण बारीक करा. थेंबथेंब आणि कडू उतरली तर जाडसर. विहिरीचं मचूळ पाणी मशीनला अजिबात नको, आत क्षार धरतात.

चव? भाजके शेंगदाणे, मागाहून गूळ. रोबस्टामुळे वर तांबूस फेस दाट धरतो, दुधातही कॉफी दबत नाही. पहिला घोट तरी बिनसाखरेचा घ्या, मग तुमची मर्जी.