एकाच कॉम्प्युटरमध्ये दुसरा कॉम्प्युटर

घरात कॉम्प्युटर एकच. त्यात अब्बूंच्या दुकानाचा हिशेब, आपाचं कॉलेजचं काम, आणि आता धाकट्याला लिनक्स शिकायचंय. त्यासाठी विंडोज पुसायची गरज नाही. व्हर्च्युअलबॉक्स हे मोफत सॉफ्टवेअर विंडोजच्या आतच एक वेगळा कॉम्प्युटर उभा करतं. त्याची हार्ड डिस्क म्हणजे आपल्या डिस्कवरची एक मोठी फाइल. उबुंटूसाठी ४ जीबी रॅम आणि २५ जीबी जागा द्यावी लागते, म्हणून कॉम्प्युटरला ८ जीबी रॅम तरी हवी. सुरूच होत नसेल तर बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू आहे का ते बघा. प्रयोगाआधी स्नॅपशॉट घ्या. पोरं बिघडवणारच, पण मशीन पुन्हा होतं तसं करता येतं. हिशेबाचं फोल्डर मात्र त्याच्याशी शेअर करू नका. तिथून पुसलेली फाइल स्नॅपशॉटनेही परत येत नाही.