बंब घराबाहेर, पण नेमका कुठे?



थंडी सुरू झाली की चिखलोलीच्या आसपासच्या कातकरी वाड्यांसाठी काय द्यावे, अशी विचारणा मंडळीतून होते. यंदा काहींनी गॅस गिझर सुचवला आहे. हेतू चांगलाच आहे. पण पाणी तापवायचे साधन कोणते, याआधी ते ठेवायचे कुठे हे ठरायला हवे.

वाडीत आंघोळीचे पाणी बहुधा तीन दगडांच्या चुलीवर तापते. पाऊस आणि थंडी वाढली की ती चूल घरात येते. खोली एकच, कारवीचे कुड, खिडकी असली तर हातभर. जळताना हवा कमी पडली की लाकूड, कोळसा, गॅस, कशातूनही कार्बन मोनॉक्साइड निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, गुंगी येते, आणि माणसाला दारापर्यंत जाण्याचेही त्राण उरत नाही. शहरात बंद बाथरूममधल्या गॅस गिझरमुळे माणसे दगावतात ती यामुळेच. लाकडाचा धूर निदान डोळे चुरचुरवून बाहेर तरी काढतो.

म्हणून साधन बाहेर. पण बाहेर म्हणजे वळचणीला नव्हे. तिथे धूर कौलांखालून पुन्हा घरातच शिरतो, आणि पेंढ्याचे छप्पर असेल तर एक ठिणगी पुरते. मी आठ-दहा पावले अंतर सुचवते. त्याहून लांब नको, कारण उकळत्या पाण्याची बादली बाईलाच उचलायची असते, तीही पायांत घोटाळणाऱ्या पोरांमधून. न्हाणी मात्र चुलीला लागून हवी.

आता वारा. पावसाळ्यात तो आपल्याकडे पश्चिमेकडून, नैर्ऋत्येकडून येतो. हिवाळ्यात पहाटे बहुतेकदा पूर्वेच्या अंगाने. त्यामुळे घराच्या उत्तरेला किंवा दक्षिणेला चूल असली तर धूर घराला बगल देऊन जातो. डोंगराच्या कुशीत वारा वळतो, तिथे हा हिशेब चुकतो. मग घरातल्या म्हातारीला विचारावे. धूर कुठे जातो हे तिला आपल्यापेक्षा जास्त ठाऊक असते.

चुलीपेक्षा बंब मला बरा वाटतो. मधल्या नळीत जाळ, भोवती पाणी. त्यामुळे उष्णता वाया कमी जाते आणि काटक्या, गोवऱ्या, नारळाच्या करवंट्यांवरही भागते. त्याला हवे सपाट दगडी जोते आणि वर चार खांबांवर पत्रा. बाजू उघड्याच ठेवायच्या. झड येते त्या एकाच बाजूला आडोसा.

गिझर द्यायचाच असेल तर तोही भिंतीबाहेर, छताखाली, आणि फक्त गरम पाण्याची नळी आत. सिलिंडर खड्ड्यात किंवा खोलगट जागी नको. हा गॅस हवेपेक्षा जड, गळला की तळाशी साचतो. शिवाय सिलिंडर भरायला दर वेळी पैसे लागतात. मजुरी नसलेल्या महिन्यात ते कुठून येणार?

तेव्हा यंदा पत्रे, खांब आणि शक्य असल्यास जुने, न गळणारे बंब द्यावेत. माळ्यावर पडलेला बंब कल्हई उडालेला असला तरी चालेल, आंघोळीच्याच पाण्यासाठी तो लागतो. जाळी मात्र शाबूत हवी.