यीस्टचं खाणं, मोजून

सकाळी ८.००
रात्रपाळीकडून चार्ज घेतला. काल दुपारी फर्मेंटरमध्ये पिकिया पास्टोरिस हे यीस्ट सोडलंय. लिटरला ४० ग्रॅम ग्लिसरॉल, तापमान ३० अंश, पीएच ५. हिपॅटायटिस बी विषाणूच्या आवरणातल्या प्रथिनाचं जनुक यीस्टमध्ये घातलेलं आहे, पण ग्लिसरॉल असेतोवर ते गप्प राहतं. आत्ता नुसती वाढ.

८.३०
नमुना काढून सेंट्रिफ्यूज केला, ओलं वजन घेतलं. लिटरला शंभर ग्रॅमच्या आसपास. अमोनियाची बाटली बदलली. पीएच सांभाळतो तो अमोनिया आणि नायट्रोजन पुरवतो तोही तोच. तो संपला, तर यीस्ट स्वतःचीच प्रथिनं मोडून खायला लागतं. उपाशी यीस्टचं हे आत्मभक्षण उलगडल्याबद्दल योशिनोरी ओसुमी यांना २०१६चं नोबेल मिळालं. आमच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की तयार माल पेशीतच संपतो.

९.४०
“मॅडम, डीओ चढला!” ग्लिसरॉल संपलं, यीस्टचा श्वास मंदावला, त्यामुळे विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजेच डीओ, शिल्लक राहू लागला. लगेच ५० टक्क्यांचं ग्लिसरॉल पंपाने बारीक धारेत सुरू केलं. एकदम ओतलं, तर ऑक्सिजन पुरत नाही आणि उष्णता आवरत नाही.

दुपारी १.४०
ग्लिसरॉल बंद. अर्धा तास मुद्दाम उपास. ग्लिसरॉल उरलं, तर जनुक जागवणारं मिथेनॉल देऊनही ते नीट जागं होत नाही. आमचे डबे एवढ्यात उरकतात.

२.१०
मिथेनॉल सुरू, अगदी सावकाश. ते पचवणारी विकरं तयार करायला यीस्टला दोन-तीन तास लागतात. जास्त झालं तर पेशी मरतात, फार कमी पडलं तर प्रथिन घटतं.

५.००
मिथेनॉलचा पंप थांबवून आम्ही घड्याळाकडे बघत राहिलो. डीओ मिनिटाच्या आत उसळला. म्हणजे दिलेलं सगळं खाल्लं जातंय, आत काही साचत नाहीये. पंप पुन्हा चालू केला, वेग किंचित वाढवला.

५.४५
रात्रपाळीसाठी लॉगबुकात लिहिलं : मिथेनॉल वाढवण्याआधी दरवेळी पंप थांबवून डीओ बघा; अमोनियाची बाटली रिकामी होऊ देऊ नका.

यीस्टकडून प्रथिन हवं असेल, तर कार्बन हात राखून द्यावा, नायट्रोजनची मात्र टंचाई पडू देऊ नये. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये आणलेली हिपॅटायटिस बी लस याच यीस्टमध्ये तयार होत होती.