मिसळणाच्या डब्यातले वर्गीकरण

अहिल्यानगरचे जिल्हा वाचनालय १८३८ सालचे (तेव्हाचे अहमदनगर). अशा कोणत्याही ग्रंथालयात एक अडचण येतेच. दुष्काळी भागातल्या शेळीपालनाच्या हिशेबावरचे पुस्तक पशुपालनात ठेवायचे, की अर्थशास्त्रात? पैलू अनेक, फळीवर जागा मात्र एकच. शि. रा. रंगनाथन यांनी १९३३ च्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे पैलू सुटे केले आणि ठरावीक क्रमाने जोडले. पहिला पैलू कोणता, यावर पुस्तकाचे शेजारी ठरतात.

आता मिसळणाचा डबा उघडून पाहा. हळद हे जमिनीखालचे खोड, मोहरी बी, जिरे फळ, हिंग मुळाचा वाळलेला चीक. वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने चौघांची घरे वेगळी. पण पहिला पैलू 'उपयोग' धरला, की फोडणीसाठी सगळे एकत्र येतात. वर्षाची साठवणीची हळद मात्र 'काळ' या पैलूमुळे माळ्यावर जाते.

याउलट 'बाटलीतले द्रव' हा पहिला पैलू धरला तर? गोडेतेल, फिनेल आणि पिकावर फवारायचे औषध एका फळीवर! त्यातून ते औषध सरबताच्या रिकाम्या बाटलीत ओतलेले असेल, तर ओळखायला चिठ्ठीही नाही. म्हणून घरात 'धोका' हा पैलू सर्वांत आधी लावायचा: औषध मूळ बाटलीत, मूळ चिठ्ठीसह, कुलपात.

विद्यार्थ्यांना घरातल्या २० वस्तूंची यादी करायला सांगा. पहिला पैलू बदलला की कोणाशेजारी कोण येते, ते त्यांनीच मांडावे.