चाँदरातीची बांगडी

शव्वालचा चंद्र कधी २९व्या रोज्याच्या संध्याकाळी दिसतो, कधी ३०व्या. तोवर शिंप्याकडून कपडे आलेले असतात, कानातले ठरलेले असतात. बांगडी मात्र चाँदरातीलाच घ्यायची, ही घरोघरची रीत. मग रात्री अकराला गर्दीत धक्के खात, दुकानातल्या पांढऱ्या प्रखर दिव्याखाली खड्यांचा जोड पसंत पडतो. त्या दिव्याखाली काचेचा खडाही हिऱ्याच्या तोऱ्यात असतो. ईदच्या सकाळी खिडकीतल्या साध्या उजेडात तोच जोड कानातल्या झुमक्यांशी भांडायला लागतो. तेव्हा बदलायला वेळ नसतो आणि दुकानदारही घोरत असतो.

चाँदरातीची मजा घालवायची गरज नाही. निवड आधी करावी, खरेदी त्या रात्री. आणि निवडीसाठी रमजानइतका सोयीचा महिना दुसरा नाही, कारण जकातीच्या हिशेबासाठी दागिन्यांचा डबा याच दिवसांत कपाटातून निघतो. नुसते सोने असेल तर साडेसात तोळ्यांपासून जकात लागू होते. हा तोळा जुना, म्हणजे साडेसात तोळ्यांचे ८७.४८ ग्रॅम; सराफाच्या आजच्या १० ग्रॅमच्या तोळ्याने मोजले तर चूक होते. हनफी घरांत अंगावरचे सोनेही हिशेबात येते; कोकणातल्या शाफई घरांत नेहमी वापरातल्या दागिन्यांना सूट मानतात. काच, लाख, नकली खडे यांना कुणीच मोजत नाही. तर डबा उघडलेलाच आहे, तेव्हा ईदला घालायचे सगळे दागिने एका चादरीवर मांडावेत. दिवसाउजेडी.

मांडल्यावर आधी पाहायचे ते, चमक कुठे कुठे आहे. गळ्यात कुंदनाचा हार, कानात खड्यांचे झुमके, ओढणीला टिकल्या, इतके असेल तर हातात खड्यांची बांगडी म्हणजे पुलावावर बिर्याणी. अशा वेळी साध्या काचेच्या डझनभर बांगड्या घ्याव्यात आणि त्यांच्या दोन्ही टोकांना एकेक बारीक खड्यांची बांगडी ठेवावी. उलट गळ्यात नुसता मोत्यांचा सर आणि कानात बुगड्या किंवा छोट्या कुड्या असतील, तर हाताला भरपूर चमक द्यायला हरकत नाही. पांढरे खडे सोनेरी-रुपेरी दोन्हींत खपतात. रंगीत खडा घ्यायचा तर त्याचा रंग कपड्याशी जुळवण्यापेक्षा कानातल्याशी जुळवावा. कपडा पुढच्या वर्षी बदलतो, कानातले राहतात. काळपट ऑक्सिडाइज्ड चांदीबरोबर मात्र लखलखीत बांगडी सहसा जमत नाही. तिथे ठसठशीत, बिनखड्याचे कडेच शोभते.

झुमके आणि हार दुसऱ्यांना दिसतात. घालणारीला स्वतःला दिवसभर दिसते ती फक्त बांगडी, शीरखुर्मा ढवळताना, वाट्या भरताना, ईदी देताना. म्हणून ती स्वतःला आवडलेली असावी आणि कामात अडू नये. खड्याची टोके बोटाने चाचपून पाहावीत. ती टोचत असतील तर जाळीच्या बाहीत अडकणार आणि कडेवरच्या मुलाला ओरखडे काढणार.

लाखेच्या बांगड्यांत हा त्रास कमी, कारण त्यांत खडा वरून चिकटवत नाहीत, आत दाबून बसवतात. या कामाचे मोठे गाव हैदराबाद. चारमिनारला लागून असलेला लाड बाजार त्यासाठीच ओळखला जातो. लाख म्हणजे पळस, बोर, कुसुम अशा झाडांवर किड्यांनी केलेली राळ. कारागीर ती निखाऱ्यावर मऊ करून लाटतात, कडीवर चढवतात आणि गरम असतानाच एकेक खडा हाताने बसवतात. २०२४ साली या बांगड्यांना भौगोलिक मानांकन मिळाले. मराठवाडा १९४८पर्यंत हैदराबाद संस्थानातच होता. तिकडच्या जुन्या घरांना हा जोड परका नाही. नांदेड-परभणीकडे नात्यातली लग्ने आजही हैदराबादशी जुळतात.

मापाचा घोळ सर्वांत जास्त. ‘दोन-चार’, ‘दोन-सहा’ हे आकडे दशांश नव्हेत. दोन इंच आणि वर इंचाचे सोळावे भाग, असा तो हिशेब. दोन-चार म्हणजे आतला व्यास सव्वादोन इंच, दोन-आठ म्हणजे अडीच. त्यामुळे दोन-दहा ही दोन-आठपेक्षा मोठी. घरातली नीट बसणारी बांगडी पट्टीने आतून मोजली की प्रश्न मिटतो. मात्र लाखेची किंवा धातूची बांगडी जाड असते, ती चढवून पाहावीच. माप मनगटाचे नसते. अंगठा आत दुमडल्यावर पंजा जिथे सर्वांत रुंद होतो, तिथले असते. पेचाचे किंवा फाशाचे कडे असेल तरच मनगट मोजावे.

आणखी एक गोष्ट सराफ सहसा सांगत नाही. सोने मऊ, खडा कठीण. पाटल्यांना खेटून खड्यांची बांगडी घातली तर घासून घासून पाटलीवर चरे पडतात, आणि झिजते ते सोनेच. आजच्या भावात ही हौस महाग आहे. एका हातात सोने, दुसऱ्या हातात खडे, अशी वाटणी बरी, दिसतेही छान.

हे सगळे गावातल्या मणियाराला न सांगता कळते. हात हातात घेऊन, पंजा दाबून तो माप सांगतो. श्रावणात हिरवा चुडा, लग्नसराईत वज्रचुडा आणि चाँदरातीला खड्यांचा जोड, पाटावर बसणारे हात बदलतात, भरणारा तोच. भरताना एखादी तडकली तर ‘फुटली’ म्हणत नाही, ‘वाढली’ म्हणतो, आणि तिचे पैसे लावत नाही. त्याच्याकडे जाताना झुमक्यातला एक रुमालात बांधून न्यावा. दुकानाबाहेर, रस्त्यावरच्या उजेडात दोन्ही शेजारी धरून पाहावे.

ईदच्या दिवशी अत्तर आधी, बांगडी नंतर. खड्यांमागचा चकाकता पत्रा अत्तराने आणि पाण्याने काळा पडतो, म्हणून वुजू करताना त्या बाजूला काढून ठेवाव्यात. लाखेचा जोड कापडात गुंडाळून थंड कपाटात ठेवावा. उन्हात उभ्या गाडीत राहिला तर मऊ पडून वाकडा होतो.