ऊन पाण्याचं कूळ

लालबाग-परळहून गणपतीला गावी निघालेल्या चाकरमान्याला संगमेश्वर तालुक्यातली तुरळ, राजवाडी ही नावं सांगावी लागत नाहीत. तिथं जमिनीतून गरम पाणी वर येतं. कोकणी माणूस त्याला ऊन पाणी म्हणतो. उन्हाळे, उन्हवरे ही गावांची नावं याच शब्दाची लेकरं. मला ती फार आवडतात. पालघर जिल्ह्यातल्या कोकनेरपासून राजापूरपर्यंत, सुमारे 300 किलोमीटरच्या पट्ट्यात, 18 ठिकाणी असे झरे आहेत. गिरगाव-दादरच्या मंडळींना त्यातली वज्रेश्वरीची कुंडं जवळची.

हे पाणी येतं कुठून? खाली ज्वालामुखी धुमसतोय, असं कुणी ना कुणी सांगतंच. नदीचं मूळ आणि ऋषीचं कूळ विचारू नये म्हणतात. पण पाण्याला विचारलं तर ते सांगतं.

पाण्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो. सगळे ऑक्सिजन मात्र सारख्या वजनाचे नसतात. बहुतेकांचं वजन 16. साधारण 500 अणूंमागे एखादा 18 वजनाचा. हायड्रोजनलाही असाच एक जड भाऊ आहे, ड्यूटेरियम. ही स्थिर समस्थानिकं. त्यांच्यापासून किरणोत्सर्ग होत नाही, तेव्हा भिण्याचं कारण नाही. पावसाच्या पाण्यात या दोन जड भावांचा हिशेब एकमेकांशी जुळलेला असतो. एक वाढला की दुसराही ठरावीक प्रमाणात वाढतो. हे हार्मन क्रेग यांनी 1961 साली दाखवलं.

आता हे पाणी खडकात मुरलं असं समजा. खडकाच्या वजनाचा जवळजवळ निम्मा भाग ऑक्सिजनच असतो, आणि त्यात जड ऑक्सिजन पावसापेक्षा जास्त. हायड्रोजन मात्र नावापुरता. खडक खूप तापलेला असेल आणि पाणी त्याच्या संगतीत बराच काळ राहिलं, तर दोघांत ऑक्सिजनची देवघेव होते. पाण्यातला ऑक्सिजन जड होत जातो, हायड्रोजन होता तसाच राहतो. हिशेब मोडतो, तोही एकाच बाजूनं.

तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्रातल्या शास्त्रज्ञांनी तुरळ-राजवाडीचं पाणी असं तपासलं. ते पावसाचंच निघालं, आणि त्याचा हिशेब फारसा मोडलेला नव्हता. म्हणजे खडकाशी त्याचं काही घडलंच नाही असं नाही. खनिजांतली सिलिका, सोडियम त्यात विरघळलेलं आहेच. विरघळणं कमी उष्णतेतही चालतं. ऑक्सिजनच्या अदलाबदलीला मात्र मोठी धग किंवा फार दीर्घ सहवास लागतो.

मग ऊब कुठली? जमिनीत खोल जावं तशी उष्णता वाढतेच. पावसाचं पाणी भेगांतून खोल उतरतं, तापतं आणि दुसऱ्या भेगांतून वर येतं. त्यासाठी खाली ज्वालामुखी असावा लागत नाही.

या ऊन पाण्यावर वीज करण्याच्या गोष्टी अधूनमधून निघतात. तेव्हा पहिला प्रश्न खडक किती तापलेला आहे हा असतो, पण माझ्या मते दुसरा जास्त महत्त्वाचा आहे: वरून पाऊस जितका मुरतो, त्याहून जास्त पाणी खालून उपसलं तर गावच्या कुंडाचं काय होणार?